वर्ग शेतावर भरेल

नाझरकाकांच्या गाण्याच्या वर्गाला दांडी मारायची सोय नव्हती. यायचं नसेल तर आदल्या दिवशी रजेचा अर्ज द्यावा लागे. विषय, कारण, खाली सही. आम्ही आठ-दहा वर्षांची पोरं, सही कुठून आणणार? "मंग नाव लिहा, पण वळणदार," काका म्हणायचे. तहसील कचेरीत नाझर म्हणून सारी नोकरी काढून ते दिग्रसला आमच्या गल्लीत राहायला आले होते. कचेरी सुटली, सवय काही सुटली नाही.

वर्ग दसऱ्याला सुरू व्हायचा. पाऊस सरलेला, ओसरीवर कोवळं ऊन, सतरंजीच्या मधोमध पेटी. शिकवणं फुकट, शिस्त मात्र कडक. सूर चुकला तर रागावत नसत. "फेरसादर करा" एवढंच म्हणत. मला गाता येतं हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. ते पहिल्यांदा काकांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

दुखणं एकच. दसऱ्याला भरलेला वर्ग दिवाळीपर्यंत टिकत नसे. कापूस फुटला की पोरं वेचणीला. त्या वर्षी काकांनी यवतमाळच्या समूहगीत स्पर्धेत आमचं नाव घातलं, आणि नेमका त्याच वर्षी कापसाचा भाव असा पडला की मजूर लावणं कुणाला परवडेना. घरचेच हात कामाला. एका संध्याकाळी काकांच्या पुढ्यात अकरा अर्ज पडले. कारण सगळ्यांचं तेच: कापूस वेचायला जाणे. माझा अर्ज मी रडत रडत लिहिला होता.

काकांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि अकराही अर्जांवर एकच शेरा मारला: "रजा नामंजूर. वर्ग शेतावर भरेल."

गल्लीतल्यांची वावरं एकमेकांना लागूनच होती. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून स्वारी आमच्या बांधावर हजर. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नाझरभाऊ, गाण्यानं कापूस घरी येते काय? मले पोरीचे हात पाह्यजेत."

"हात तुमच्याजवळच राहू द्या, वहिनी. मले गळे पाह्यजेत फक्त."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पेटीच्या भात्यात धूळ गेली आणि ती धड वाजेना. पेटीशिवाय शिकवणं त्यांच्या लेखी पापच. दोन दिवस ते फिरकले नाहीत. आता संपलं सगळं, असं मी धरून चालले. तिसऱ्या दिवशी काका मोकळ्या हातांनी आले, कमरेला कापसाची ओटी बांधली आणि आमच्या शेजारची ओळ धरली. एका ओळीला एक कडवं. शेजारच्या वावरातल्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणायचं, आणि त्यांचा सूर ऐकून आपला लावायचा. काकांचा गळा गोड, वेचणी मात्र दिव्य.

"भाऊ, तुमच्या ओटीत कापूस कमी न पालाच जास्त आहे," आई म्हणाली.

"फेरसादर करतो," काका म्हणाले. त्या हंगामात आई पहिल्यांदा हसली.

यवतमाळला बाकीचे संघ एकसारख्या गणवेशात होते. आमच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे. दुसऱ्या कडव्याला वीज गेली, माइक बंद पडला. आमच्या आधीचा एक संघ याच कारणानं गाणं सोडून खाली उतरला होता. आम्ही थांबलोच नाही. थांबायचं कशाला, हेच कळलं नाही. हॉलमधली शेवटची रांग शेजारच्या वावरापेक्षा बरीच जवळ होती. पहिला नंबर आमचा आला. काका नुसते डोळे पुसत उभे राहिले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला स्पर्धेपेक्षा त्याच्या पुढचा दसरा आठवतो. आई स्वतः मला घेऊन ओसरीपाशी आली होती. मी सतरंजीवर जाऊन बसले, तरी ती पायरीशीच उभी.

"काही काम होतं काय, वहिनी?" काकांनी विचारलं.

आईनं चपला काढल्या आणि पदर सावरून सतरंजीच्या कडेला बसली. "ते वावरातलं गाणं मलेही येते आता," ती खाली बघत म्हणाली. "सारी वेचणीभर ऐकून राह्यली होती न मी."

काकांनी पेटी पुढे ओढून सूर दिला. आई गायला लागली, आणि आम्ही अकराजण ऐकत राहिलो.