ओव्या-कापराची पुरचुंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा या एका गोष्टीला मी वळसा घालून पुढं जाते — देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असतं, असं म्हणून. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. चेहरे वाचायची मला वाईट खोड आहे.

खोड म्हणजे संशय. तो लहानपणापासूनचा. दूधवाल्यानं पाणी घातलं असणार, भाजीवालीनं सडके टोमॅटो तळाशी लपवले असणार. आई म्हणायची, या पोरीला पांढऱ्याशुभ्र दुधातही काळं दिसतं. आणि जोडीला नाक तिखट. घरात पाऊल टाकताच कुणी काय चोरून खाल्लंय ते मी सांगायचे. या नाकाचा मला गर्व होता. तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची शाळा. मी मराठी शिकवते. टाळेबंदीनंतर वरचे वर्ग पहिल्यांदा उघडले, तेव्हा फाटकावरच्या तपासणीचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडं दिलं. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणाल्या. मला — खरं सांगते — बरं वाटलं. एवढी वर्षं ज्या स्वभावाला लोकांनी नावं ठेवली, त्याचीच आता गरज पडली होती.

माझ्या जोडीला जाधव सर. गणिताचे. निवृत्तीला आलेले, साखरेचा त्रास असलेले. त्यांनी फाटकावर उभं राहायची काही गरज नव्हती, पण वर्षभर पोरांची तोंडं बघितली नाहीत म्हणून हट्टानं यायचे. ऑक्सिमीटर त्यांच्याकडं, तापाची गन माझ्याकडं. पोरींच्या बोटांना मेंदी असली की ऑक्सिमीटर नीट आकडा दाखवायचा नाही. मग सर म्हणायचे, बाई गं, दुसऱ्या हाताचं बोट दे, हे बोट हळदी-कुंकवाला गेलंय.

त्या दिवसांत सगळेच सगळ्यांवर संशय घेत होते, मी एकटीच नव्हते. गनमधून किरण निघतात आणि पोराच्या डोक्यात जातात, असं पालकांना वाटायचं — कपाळावर नका लावू मॅडम, हातावर लावा. मला वाटायचं, हा माणूस हातावर लाव का म्हणतोय? क्रोसिन देऊन तर पाठवलं नाही ना पोराला? काही पोरं कोपऱ्यावरच्या नळावर तोंड धुऊन यायची. त्यांचं कपाळ गार लागलं की मी त्यांना बाजूला उभं करायचे. उन्हात चालत आलेल्यांचं कपाळ गरम लागलं, तरी बाजूला. कुणी शिंकलं की घरात किती माणसं, कोण बाहेरगावी गेलं होतं, लग्नाला गेला होतात का — सगळं विचारायचे. सर हसायचे. पोरगं शिंकलं की तुम्ही त्याचं खानदान काढता, म्हणायचे. खेळाच्या सरांच्या तंबाखूच्या खोकल्यावरूनसुद्धा मी स्टाफरूममध्ये व्याख्यान दिलं होतं. माझ्यामागं मला 'थर्मामीटर' म्हणतात, हे मला माहीत होतं. अशा गोष्टी मला माहीत असतातच.

तर — एका सकाळी स्वयंपाकघरात पोहे करपले. बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, काहीतरी जळतंय. मी कढईपुढं उभी होते. मला वास आला नव्हता.

सॅनिटायझरनं नाक मेलं असेल, मी स्वतःला म्हटलं. घसा आदल्या दिवसापासून खवखवत होता — ती धूळ, जालना रोडची. अंग जरा जड होतं — झोप झाली नाही. नवल बघा. हीच कारणं पालक मला फाटकावर द्यायचे आणि मी एकही ऐकून घ्यायची नाही. त्या दिवशी सगळी एकदम खरी वाटली. शाळेत पोचल्यावर मी गन स्वतःच्याच मनगटाला लावली. ताप नव्हता. झालं, पुरावा मिळाला.

घरी का नाही थांबले? पगार कुणी कापणार नव्हतं. वर्ग कुणीतरी घेतला असता. मला एकच भीती होती, हसू होण्याची. थर्मामीटरलाच ताप आला — हे वाक्य मला स्टाफरूमबाहेरूनच ऐकू येत होतं. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण दुसरं नाहीच.

त्या सकाळी रांगेत वैष्णवी होती. नववीतली. बाप मालवाहू रिक्षा चालवायचा, घरी आई आणि आजी. भूमितीत इतकी हुशार की सर तिला 'इंजिनिअर' म्हणूनच हाक मारायचे, आणि तीही 'ओ सर' म्हणून उत्तर द्यायची. तिच्या ड्रेसला आतून पिन लावून एक छोटी पुरचुंडी अडकवलेली होती — ओवा, कापूर, लवंग. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा घरोघरी बांधायचे. हुंगलं की ऑक्सिजन चांगला राहतो म्हणे. ती सरांपुढं आली आणि सर म्हणाले, काय घमघमाट सुटलाय गं इंजिनिअर, सगळं देऊळच घेऊन आलीस की. रांग हसली. तीही हसली.

मी वाकले. तिच्या अगदी जवळ. आणि मला काहीच आलं नाही. कापूर — कापराचा वास येत नव्हता मला.

त्या क्षणी मला कळलं. 'कदाचित' वगैरे नाही. धूळ, सॅनिटायझर, झोप, सगळं गळून पडलं आणि मला लख्ख कळलं की मला काय झालंय. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? मी तिला विचारलं — घरात कोण आजारी आहे?

"कुणीच नाय मॅडम. आजीनं बांधलं. लई मानती ती असलं."

खरं सांग, मी म्हणाले. मोठ्यानं. रांगेला ऐकू जाईल असं. उगाच का कुणी अंगावर औषध बांधतं? — आणि माझ्या पर्समध्ये तसलीच पुरचुंडी होती. सासूबाईंनी दिलेली. ती बांधायला घरात आजारी माणूस लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण रांग माझा शब्द मानायची. तिच्या मागची पोरगी दोन पावलं सरकली, मग तिच्या मागची. सर हळूच म्हणाले, अहो, जाऊ द्या तिला आत, ताप नाही काही नाही. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. वैष्णवी दप्तर पाठीवर घेऊन परत गेली. जाताना सरांकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी ते चांदणं दुसऱ्याच्या अंगणात पाडलं.

पण हे सुद्धा अजून खरं सांगणं नव्हे. मी फिरतेय, तुम्हाला कळत असेल.

मधल्या सुट्टीत सर डबा उघडून बसले. साखरेमुळं त्यांना वेळेवर खावं लागायचं. भाकरी आणि लसूण घालून वाटलेला ठेचा. बाकीचे लांब लांब बसले होते, तसं मीच सगळ्यांना बसवलं होतं. आणि मला राहवलं नाही. ठेच्याचा तरी वास येतो का, बघावं. सकाळी कळलेलं होतं, तरी. मी सरांजवळ गेले, मास्क खाली ओढला आणि त्यांच्या डब्यावर वाकून वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा, खोल. सर म्हणाले, घ्या की मॅडम, संकोच कसला. मी त्यांच्याच भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. जीभ भाजली, चव कळली नाही. सरांनी उरलेली भाकरी खाल्ली. दिवसभर पोरांना सांगायचे मी — एकमेकांच्या डब्यात हात घालू नका रे.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी राहिले. कंबर धरली, असं कळवलं. तपासणी केली नाही. तपासलं की कागद येणार आणि कागद आला की लोकांना कळणार, म्हणून. घरात सगळ्यांपासून लांब, एका खोलीत राहिले. बघा, घरच्यांची काळजी घ्यायला मला बरोबर सुचलं.

परत शाळेत गेले तेव्हा सर दवाखान्यात होते. ते परत आले नाहीत. मी रडले. खोटं नव्हतं ते रडणं. आजही त्यांची आठवण येते तेव्हा पोटात तुटतं, आणि त्या तुटण्यावरही माझा संशय आहे — हे दुःख आहे की भीती?

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. फाटकावर इतक्यात कुणी संशयास्पद आलं होतं का? तेव्हा तरी बोलायचं. मी म्हटलं, एक मुलगी होती. कापूर-ओवा बांधून आली होती, मी परत पाठवलं. नाव सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढचं सगळं लोकांनी केलं. मनपाची माणसं वैष्णवीच्या घरी गेली, सगळ्यांना तपासलं, कुणाला काही निघालं नाही. त्यावर शाळेत काय म्हणाले? तोवर गेला असेल अंगातून. निघाला असता तर सिद्ध झालं असतं, नाही निघाला तरी सिद्धच झालं. मला तपासा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. तपासणारी तर मीच होते.

तिच्या बापाला माल भरायला कुणी बोलवेना. घरमालकानं खोली खाली करायला सांगितली. ते गंगापूरला तिच्या मामाकडं जायला निघाले. दाखला न्यायला बाप आत गेला आणि ती फाटकाबाहेरच थांबली. आत ये म्हटलं तरी आली नाही. मी बाहेर गेले. का गेले, माहीत नाही. तिला काय काय ठाऊक आहे ते चाचपायला गेले असेन. तिनं माझ्याकडं सरळ बघून विचारलं,

"मॅडम, सरांना माझ्यामुळं झालं का?"

इथं मी आले शेवटी. हेच सांगायचं होतं.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. 'माझ्यामुळं झालं' हे पुढचं राहू द्या, ते म्हणायची हिंमत माझ्यात नव्हतीच. पण नुसतं 'नाही' म्हणायला काय लागत होतं? कुणी मला पुढं काही विचारलं नसतं. तरी मी थांबले, कारण मला वाटलं — मी इतक्या ठामपणे नाही म्हटलं, तर ही हुशार पोरगी विचारेल, मॅडम, तुम्हाला कसं माहीत? तिच्यावरही संशय घेतला मी. आणि म्हणाले,

"आता झालं ते झालं. तू त्याचा विचार करू नको."

असं आपण कुणाला म्हणतो? ज्याच्या हातून झालंय, त्याला. तिला मराठी मीच शिकवलं होतं. तिला अर्थ बरोबर कळला. तिनं मान हलवली.

सरांना माझ्यामुळंच झालं, हे सिद्ध करता येत नाही. ते बँकेत गेले असतील, दुकानात गेले असतील. एवढी वर्षं मी या सिद्ध न होण्याच्या आडोशाला बसून काढली. पण वैष्णवीला मी दिलेलं उत्तर कुठल्या बँकेतून आलं नव्हतं. ते मी दिलं, शुद्धीवर असताना, तिच्या डोळ्यांत बघून.

परवा ती मला क्रांती चौकात भेटली. कसल्यातरी परीक्षेसाठी शहरात आली होती. तिनंच मला ओळखलं, मी नाही, कारण तिच्या तोंडाला मास्क होता. एवढ्या उन्हात, सगळा चौक उघड्या तोंडानं फिरत असताना. काय शिकतेस विचारलं. बी.ए. करतेय, म्हणाली. गणित? ते सोडलं मॅडम. त्या तासाला बसवंना. मी पुढं झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवायला. ती पटकन मागं सरकली.

"लांबच थांबा मॅडम. मला सर्दी झालीय. उगं माझ्यामुळं तुम्हाला नको."

पुन्हा एकदा संधी होती. भर रस्त्यात, आमच्या दोघींत एका हाताचं अंतर, ऐकणारं कुणी नाही. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, शहाणी आहेस, अशीच काळजी घेत जा.

तिनं मान हलवली आणि अजून एक पाऊल मागं गेली.