जकातीच्या भिंतीआडचा शेठ

मित्रमैत्रिणींनो, कॉलेजात असल्यापासून जमवलेली १९४०च्या दशकातली व्यंगचित्रं आज कशेळ्याच्या वाचनालयात लावली. एका चित्रात गिरणीमालक आयात-जकातीच्या उंच भिंतीआड उभा आहे. "परदेशी मालापासून तुला वाचवतोय," असं म्हणत तो गिऱ्हाइकाचाच खिसा कापतोय.

वाचनालयाचे अध्यक्षकाका घाबरले. "हे काढ गं. उद्घाटनाचे पाहुणे खोपोलीचे कारखानदार हायत, झोंबंल त्यांना."

"मग सगळीच काढून घरी नेते, काका."

काका हारतुरे बघायला निघून गेले.

पाहुणे नेमके त्याच चित्रापाशी थांबले आणि पोट धरून हसले. "याची एक प्रत दे गं पोरी, ऑफिसात लावतो. आमच्या शेजारचा कारखानदार अगदी असाच आहे."

चित्र जागेवर राहिलं, मी खूश आहे. पण सांगा, अशा चित्रात आपल्याला नेहमी शेजारीच का दिसतो?