साडूभाऊंचा डावा पाय

माणसाचा स्वभाव त्याच्या क्लचवरून ओळखणारा गृहस्थ अख्ख्या दिल्लीत एकच असावा, आणि दैवयोगाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. राहतात मयूर विहारात, आणि सकाळी बाल्कनीत चहा पीत खालून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकतात. चौथ्या मजल्यावरून. "हा घरात ओरडतो," असं ते गाडीकडे न बघताच सांगतात, आणि ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याविषयी बोलताना "माणूस चांगला आहे, पण क्लचवर पाय ठेवून जगतो" यापलीकडे निंदा करत नाहीत. सोसायटीतल्या एका लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी गचके खात फाटकातून आत आली, तेव्हा यांनी वधूपित्याच्या खांद्यावर हात ठेवून, "मुलगा दुसऱ्या गिअरला घाई करतो, अजून विचार करा," असा सल्ला दिला. गाडी भाड्याचा ड्रायव्हर चालवत होता. मी कचोरीची प्लेट घेऊन शामियान्याच्या खांबामागे गेलो आणि तिथेच जेवलो.

त्यांच्याबरोबर बाहेर पडलं की अशी खांबामागे जायची वेळ हमखास येते. ऑटोमॅटिक गाडी, म्हणजे क्लच नसलेली, स्वतःच गिअर बदलणारी, हा तर त्यांच्या लेखी नैतिक अधःपात. एकदा आम्ही टॅक्सी केली. बसल्यावर यांना कळलं की ती ऑटोमॅटिक आहे. पहिल्याच सिग्नलला हे दार उघडून उतरले आणि ड्रायव्हरला शांतपणे म्हणाले, "भैया, मैं लिफ्ट में बैठकर कॅनॉट प्लेस नहीं जाता." जूनचं ऊन होतं. मी ड्रायव्हरची माफी मागत उतरलो आणि त्यांच्यामागून मंडी हाउसपासून चालत गेलो. ते पुढे ताठ मानेनं चालत होते, आणि आपली कुणाशी ओळख नाही असा चेहरा करून मी मागे.

हिवाळ्यातल्या रविवारी मात्र या क्लचप्रेमाला उधाण यायचं. ग्रेटर नोएडाच्या पलीकडे एका बंदिस्त सरळ रस्त्यावर हौशी लोक ड्रॅगच्या शर्यती लावतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, आणि पाव मैलावर जो आधी पोचेल तो जिंकला. सगळी पोरं उलट्या टोप्या घालून आलेली, आणि त्यांच्यात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर नि मफलर अशा वेषात आमचे साडूभाऊ, आपली टर्बो बसवलेली जुनी पांढरी सेदान घेऊन. ते बहुतेक वेळा हरायचे आणि हरल्यावर जिंकणाऱ्याला गिअर कसे टाकावेत हे समजावून सांगायचे. मी थर्मास धरून दूर उभा असायचो. एक कॉलेजातली मुलगी तिच्या ऑटोमॅटिक गाडीतून त्यांना दर खेपेला मागे टाकायची. ती एकदा आपुलकीनं म्हणाली, "अंकल, आप भी ऑटोमॅटिक डलवा लीजिए ना." साडूभाऊ म्हणाले, "बेटा, मुझे गाड़ी चलानी है. बैठना नहीं है."

गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा दुखायला लागला. ते कुणाला बोलले नाहीत. ते कळलं निजामुद्दीनच्या पुलावर चढताना. ताई पुढे त्यांच्या शेजारी होत्या, मी आणि बायको मागे. ट्रॅफिक मुंगीच्या गतीनं सरकत होता, आणि दर वेळी क्लच दाबताना साडूभाऊंचा श्वास अडकत होता. एका क्षणी पाय सुटला, गाडी बंद पडली, उतारानं मागे आली आणि मागच्या गाडीला टेकली. लागलं कुणाला नाही. पण ती गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती, पुढे लाल अक्षरात एल लिहिलेली. तिच्यातले मास्तर खाली उतरले, दोन्ही बंपर निरखले आणि आपल्या विद्यार्थिनीला म्हणाले, "देखो बेटा, ऐसा नहीं करना है." साडूभाऊंचे कान लाल झाले. ताई सरळ समोर बघत बसल्या. मी खांब शोधत होतो, पण पुलावर गाडीच्या आत खांब कुठला.

त्यानंतर ते मेट्रोनं जाऊ लागले. कुणी विचारलं तर "प्रदूषण किती वाढलंय" म्हणायचे. एक दिवस मला फोन आला. "उद्या तुझ्या गाझियाबादला येतोय. एक गॅरेज बघायचंय. ताईला बोलू नकोस."

गॅरेज एका सरदारजींचं होतं. साडूभाऊंनी गाडी एका मित्राची असल्याचं सांगितलं आणि मग मान खाली घालून, फाईलवर शेरा मारावा तसं बोलू लागले. पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नको, जोर लावला की पट्टा घसरतो. दोन क्लचवाला चपळ खरा, पण दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये तापून बसेल. तेव्हा तेलातून ताकद पुढे नेणारा, जुन्या पद्धतीचा, गिअर कमी पण दणकट असा बघावा. सरदारजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाऊजी, आपको तो सब पता है. फिर आज तक क्लच क्यों दबाते रहे?"



"अच्छा, ये बताइए," सरदारजी म्हणाले, "सड़क के लिए या रेस के लिए?" खरा प्रश्न तोच होता. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जो तेलाचा कन्व्हर्टर बसतो, तो शर्यतीचा घेतला तर गाडी गोफणीतल्या दगडासारखी सुटते, पण सिग्नलला गुरगुरते, तापते, अलगद निघत नाही. साधा घेतला तर शर्यतीत सुरुवातीलाच मार खायचा. "चलाएगा कौन?"

"मैं," साडूभाऊ म्हणाले. आणि जरा थांबून, "और मेरी मिसेस."

मित्राच्या गाडीचं सोंग तिथे संपलं. सरदारजींनी ते दिसल्याचं दाखवलं नाही.

"विचार करून सांगतो," म्हणून आम्ही बाहेर चहाला उभे राहिलो. मी विचारलं, "ताईंना गाडी येते?"

"यायची. लग्नानंतर मीच शिकवली, आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये. चांगली चालवायची. एकदा वळणावर बंद पडली. माझे ऑफिसचे लोक उभे होते, त्यांच्या देखत मी म्हटलं, क्लच बायकांना जमायचा नाही. ती उतरली, किल्ली माझ्या हातात दिली आणि रिक्षा करून घरी गेली." त्यांनी चहाचा मातीचा कुल्हड दुसऱ्या हातात घेतला. "पुन्हा तिनं किल्ली मागितली नाही. मीही दिली नाही. परवा पुलावर ती शेजारी होती यार. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

इतकी वर्षं मला त्यांची लाज वाटायची. त्यांना स्वतःची लाज वाटताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते बघवत नव्हतं.

कन्व्हर्टर साधाच घेतला.

थंडी पडल्यावर आम्ही पुन्हा ग्रेटर नोएडाला गेलो. या वेळी ताईही आल्या. साडूभाऊ हरले, पण पूर्वीपेक्षा थोडक्यात. ती कॉलेजातली मुलगी हसत जवळ आली. "अंकल, आख़िर बैठ ही गए?"

"हाँ बेटा," साडूभाऊ म्हणाले. "बैठ गया." पुढे भाषण नाही, गिअरची चर्चा नाही. ती पोर बिचारी गोंधळली.

निघताना ते किल्ली हातात घेऊन ताईंसमोर उभे राहिले. "चालवतेस?"

"तुम्ही शेजारी बसून बोलणार असाल तर नाही."

"नाही बोलणार."

ताईंनी आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, आणि गाडी अशी काही अलगद निघाली की मागे बसलेल्या मला निघाल्याचं कळलंच नाही. साडूभाऊ खरोखरच बोलले नाहीत. पण पुढची गाडी मंदावली की यांचा डावा पाय उचलला जायचा आणि खालच्या पायपुसण्यावर दाबला जायचा. पुन्हा उचलला जायचा, पुन्हा दाबला जायचा. नोएडाच्या गर्दीत शिरल्यावर ताईंनी विचारलं, "अहो, काय दाबताय खाली?"

त्यांनी पाय ओशाळून मागे ओढला. "काही नाही. सगळ्यांना सांगून झालं. पायाला कळवायचं राहिलंय."

"कळेल त्याला हळूहळू," ताई म्हणाल्या, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढे घेतली.