फोटोत पडलेली सावली

मालक गावाबाहेर असताना त्याच्या कुत्र्याची खुशाली त्याला कशाने पटते, नीट लिहिलेल्या टिपणाने की एका फोटोने? हा प्रश्न मी स्वतःला घातला, त्यामागे जिज्ञासा थोडी आणि मत्सर अधिक होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर वसईच्या आमच्या वाडीत मी लोकांचे कुत्रे सांभाळू लागले. मालकांना व्हॉट्सॲपवर दिवसातून तीन वेळा मजकूर जाई: किती खाल्ले, किती फिरला, पोट साफ आहे का. सोबत पुराव्यापुरता एक फोटो. नायगावच्या एका कुटुंबाचा तपकिरी कुत्रा माझ्याकडे नेहमी येई. त्याचा एक कान कायम दुमडलेला. तो माझा लाडका होता, हे मी त्या मजकुरात कधी लिहिले नाही.

मे महिन्यात त्यांनी त्याला जूचंद्रच्या एका मुलीकडे ठेवले. ती माझीच विद्यार्थिनी. अहवालाचे लेखन तिला मीच शिकवले होते.

"बाई, राग मानू नका," त्याची मालकीण फोनवर म्हणाली. "तुमचा मेसेज आला की आई म्हणते, प्रगतिपुस्तक आलं, सही करून परत पाठव. तिकडचे फोटो पाहून मात्र हसत बसते."

तेव्हापासून त्या मुलीचे स्टेटस मी रोज मोठे करून पाहू लागले. उत्तरपत्रिका तपासावी तसे. पाण्याचे भांडे घासलेले आहे का? पट्टा आवळला तर नाही? चूक सापडली असती तर मला बरे वाटले असते. सापडली नाही.

मग तिचे आणि माझे फोटो शेजारी ठेवून पाहिले. तिच्या फोटोंत तो सरळ समोर पाहत होता. माझ्या फोटोंत त्याचे तोंड फाटकाकडे. त्याला तीच अधिक आवडते, असा निष्कर्ष मी काढला आणि दोन दिवस तो उगाळत बसले. नंतर दुसरी गोष्ट दिसली. ऊन पाठीशी घ्यावे हा नियम मी काटेकोर पाळला होता. त्यामुळे प्रत्येक फोटोत माझी उभी सावली त्याच्या अंगावर पडली होती. ती मुलगी जमिनीवर बसत असावी. मी मात्र वर्गात उभी राहत असे तशीच इथेही उभी.

गणपतीत ती गावी गेली, म्हणून तो दोन दिवस माझ्याकडे आला. आपण दुसरी निवड आहोत, हे मला बोचत होते. तरी विहिरीजवळ गुडघे सांभाळत खाली बसले. तो वळला, जवळ आला, फोन हुंगू लागला. फोटोत नुसते ओले नाक आले, तेही अस्पष्ट. तोच मी मजकुराविना पाठवला आणि स्टेटसलाही ठेवला.

मालकिणीचे उत्तर आले, "आई खूश. पण बाई, जेवला ना तो?"

त्या मुलीनेही लिहिले, "बाई, खाली बसलात वाटतं."

तिला ते एका नजरेत कळले, याचाही मला हेवा वाटला.

दिवाळीत तो जूचंद्रलाच गेला. मी रोज स्टेटस पाहत होते.

माझे निरीक्षण एकाच कुत्र्यावरचे आहे आणि निरीक्षक मत्सरी आहे. म्हणून वाचकांनी ते तसेच स्वीकारू नये. आपल्या फोनमधले आपल्या प्राण्याचे फोटो उघडावेत, त्याचे तोंड कोणीकडे आहे आणि त्याच्यावर सावली कोणाची आहे, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.