कोबेचा डबा

डबा आला तो ऐन श्रावणात. थोरला भाऊ नंदुरबारच्या जिनातलं, सरकी काढायच्या कारखान्यातलं, काम सोडून जपानात, कोबे बंदरावर, एका कापसाच्या पेढीत कारकून झाला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं: तांदळाचे पापड, वर समुद्रातलं शेवाळ, घेवड्याची गोड वडी, खारवलेलं आंबट फळ. 'मी रोज हेच खातो, तुम्हीही चाखा.'

काकांनी पापड तोंडात घातला नि थू थू करत अंगणात धावले. श्रावणात मासळीचा वास! वडी मी खाल्ली. साबण चाटल्यासारखी लागली. आंबट फळानं बाबांचे डोळे जे मिटले ते उघडेचनात. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. पण माय एकटीच खात बसली होती. ओकारी येई, तरी गिळत होती.

"मन्हा पोऱ्या हाईच खास ना तठे!" म्हणाली. पोरगा तिथं हेच खातो, एवढंच तिला पुरे होतं.

आमच्यात श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे असतात. भाऊ गेल्यापासून त्याच्या नावची मूठ माय न चुकता घ्यायची नि त्याचा वाटा स्वतः खायची. हेही तिनं तसंच खाल्लं.

पत्र लिहायचं काम माझं. बारा वर्षांची मी, जिभेला हाड नाही. माय म्हणाली, "लिख, सगळ्यासनी खादं, आवडनं. आखो धाड." मला रागच आला, खोटं कशाला बोलायचं? मी लिहिलं, 'तुझी घाण उकिरड्यावर टाकली, म्हशीनंही हुंगली नाही. पुन्हा पाठवू नकोस.' मायला मात्र तिचंच बोलणं वाचून दाखवलं. मोठी शहाणी ना मी!

उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर जपानशी लढाई पेटली, टपाल बंद पडलं. लढाई सरली, तरी भावाचा पत्ता नाही. काका एकदा म्हणाले, आता त्याची मूठ घेऊ नका. मायनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सुपात गहू टाकले.

पोस्टमन गल्लीत शिरला की ती हातातलं काम टाकून दारात जायची. रिकाम्या हातानं परत आली की मला विचारायची, "धाडीच तो. आवडनं म्हनीसन लिखेल शे ना तू?"

"हो, माय," मी म्हणायचे. ती मरेपर्यंत म्हणत राहिले.