ओढ्यापलीकडे फेकलेली काठी

आर्ची बेथ्यूनला छपरावरून पडून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं बरं झाल्यावर घेतलेल्या शिकवणीने लागलं. इन्व्हरकेली गावातली निम्मी छपरं त्याने शाकारलेली. गोल्फ त्याला बापाकडून आलेलं, म्हणजे कुणी न शिकवताच. पण चार वर्षांपूर्वी पडल्यावर कंबर जपायची म्हणून तो एका तरण्या मास्तराकडे गेला. मास्तर म्हणाला, "आधी कंबर फिरवा, हात गप्प ठेवा." झालं! हात गप्प बसले ते बसलेच. काठी खाली येताना कंबर पुढे पळायची, हात मागे राहायचे आणि चेंडू काटेरी झुडपांत जायचा.

त्याची थोरली बहीण एल्स्पेथ सगळं सोसत होती. क्लबच्या शरद ऋतूतल्या जोडीच्या स्पर्धेत दोघांत चेंडू एकच, फटके आळीपाळीने. भावाने माती खाल्ली की बहिणीने निस्तरायची. करंडकावर आईबापांची नावं होती. त्याखाली आपलं नाव यावं एवढीच तिची हौस, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की वसंत येईपर्यंत तिची नजर जाईल, चेंडू दिसेनासा होईल. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही.

अंतिम सामना बरोबरीत शेवटच्या खळीच्या झेंड्यापर्यंत आला. एल्स्पेथचा फटका झकास बसला होता. समोरच्यांचा चेंडू झेंड्याला खेटून पडलेला. आर्चीने फक्त ओढा पार करायचा होता.

"आर्ची, जास्त डोकं चालवू नकोस हं," ती म्हणाली.

पण तो मनात घोकत राहिला, कंबर आधी, हात गप्प. चेंडू डुबुक्कन ओढ्यात गेला.

एल्स्पेथने टोपी काढून समोरच्यांना ओरडून सांगितलं, "घ्या, दिला सामना!" ती हसत होती, तेच आर्चीला सहन होईना. याच हातांनी तिची शेवटची संधी बुडवली होती. त्याने काठी उचलली आणि सगळा जीव ओतून ओढ्यापलीकडे भिरकावली, ती सूंsss करत हवा कापत गेली.

"आता काय केलंस रे?" एल्स्पेथने दचकून विचारलं.

"काठी फेकली."

"तो आवाज... अरे, बाबांची काठी अशी वाजायची!"

आर्चीने खाली पाहिलं. सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली, पट्ट्याचं बक्कल थेट झेंड्याकडे. कंबरेला कुणी काही सांगितलंच नव्हतं. हात गेले आणि अंग त्यांच्यामागून आपोआप गेलं. चार वर्षं जे शोधलं ते सापडलं, तेही सामना गेल्यावर. त्याला स्वतःचीच चीड आली.

क्लबच्या खिडकीतून पाहणारा क्लबचा कप्तान तरातरा ओढ्यावरच्या पुलाकडे निघाला. काठी फेकणाऱ्याला वर्षभर बंदी, हा क्लबचा नियम.

एल्स्पेथने आपली काठी पुढे केली. "ही घे. चेंडू ठेव."

"अगं, कप्तान येतोय."

"येऊ दे. तुला वर्षाची बंदी, मला जन्माची. ठेव म्हणते ना!"

त्याने चेंडू ठेवला आणि हात तसेच भिरकावले, फक्त काठी सोडली नाही. तोच आवाज आला. चेंडू ओढ्यावरून, पुलावर थबकलेल्या कप्तानाच्या डोक्यावरून गेला.

"कुठं पडला?" एल्स्पेथने विचारलं.

 आर्चीला रडू फुटलं होतं.

"रडतोस काय मेल्या! डोळे पूस आणि नीट बघून सांग. आता माझ्या वाटचंही तुलाच बघायचंय."