जुना सेन्सर

पिंपळवंडीच्या आमच्या मेकॅनिकला गाडीशी बोलायची सवय. स्कॅनर लावला तरी बोनेटवर तळहात ठेवून तो विचारायचा, "सांग बाई, कुठं दुखतंय?"

एकदा मी माझी गाडी दाखवायला थांबलो होतो, तेव्हा पारगावचे एक काका मुलाची गाडी घेऊन आले. मुलाने हौसेने इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली. तो पावसाळ्यात तापाने गेला होता. गाडी अडखळत होती. मेकॅनिकने खराब सेन्सर शोधून बदलला. इंजिन एका लयीत चालू लागलं आणि काकांचा चेहरा उतरला.

"लई चांगलं झालं, भाऊ. पण पोराची गाडी अशीच अडखळत यायची. आवाज आला की त्याची आई ताट वाढायला घ्यायची."

मेकॅनिकने जुना सेन्सर परत बसवला. गाडी उसाआड दिसेनाशी झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज नाय जमायचं, राव. तुमची उद्या बघतो."